तारलीच्या तेलातली मेदाम्लं जीसीवर मोजताना

सांगली-साताऱ्याला समुद्र नाही, पण माशाचं तेल इथे येतंच: कोंबडीखाद्यात, औषधी कॅप्सूलमध्ये, द्राक्षबागेत मिलीबगवर फवारायच्या साबणात. नमुना देणाऱ्याचा प्रश्न बहुधा एकच असतो. ईपीए किती आणि डीएचए किती, म्हणजे माशाच्या तेलातली दोन मुख्य ओमेगा-३ मेदाम्लं किती? गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे जीसी, त्याचं उत्तर चाळीस मिनिटांत छापून देतो. ते उत्तर चुकलं तर चूक सहसा मशीनमध्ये नसते. ती इंजेक्शनच्या आधी, टेस्टट्यूबमध्ये झालेली असते, किंवा नंतर, आलेखातल्या उंचवट्यांच्या (त्यांना पीक म्हणतात) क्षेत्रफळाच्या टक्क्याला मिलिग्रॅम समजून. म्हणून इथे मशीनपेक्षा त्या दोन टोकांवर जास्त लिहिलं आहे. ज्वाला डिटेक्टर म्हणजे एफआयडी, स्प्लिट इंजेक्टर (नमुन्याचा छोटा वाटाच पुढे सोडणारा) आणि ध्रुवीय कॅपिलरी कॉलम (घटक वेगळे करणारी बारीक नळी) एवढं असलेली कॉलेजची किंवा एमआयडीसीतली छोटी प्रयोगशाळा हे काम नीट करू शकते.

नमुना

तारलीचं तेल थंडीत किंवा फ्रीजमध्ये ठेवलं की खाली पांढरट गाळ बसतो. तो कचरा नसतो, तेलाचाच भाग असतो. सी१४:० आणि सी१६:० (आधीचा आकडा कार्बनांचा, नंतरचा दुहेरी बंधांचा) ही संतृप्त मेदाम्लं ज्या रेणूंत जास्त, ते आधी गोठून तळाशी जातात आणि वरच्या पातळ तेलात ईपीएचं प्रमाण वाढतं. वरूनच थेंब घेतला तर आकडा फुगतो, तळातून घेतला तर पडतो. बाटली ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात गाळ पूर्ण विरघळेपर्यंत ठेवा, दहा-बारा वेळा उलटी-सुलटी करा आणि मगच काढा. पिंपातून नमुना घ्यायचा असेल तर वरचं, मधलं आणि तळाचं असं तीन ठिकाणचं तेल एकत्र करा. पत्र्याचं गंजकं पिंप घाट चढून उन्हात आलं असेल तर लोखंड आणि उष्णता मिळून तेल आधीच खवट करतात. अशा नमुन्यावर तशी नोंद हवी.

प्रयोगशाळेत तेल गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, वरच्या रिकाम्या जागेत नायट्रोजन सोडून, उणे २० अंशांवर ठेवा. अर्धी भरलेली बाटली आठवडाभर टेबलावर राहिली तर तिच्यातला डीएचए कमी झालेला असतो. सहा दुहेरी बंध असलेला हा रेणू हवेतल्या ऑक्सिजनपुढे फार टिकत नाही.

कॅप्सूल असतील तर एकीवर विसंबू नका. दहा कॅप्सूल कापा, तेल एकत्र करा. कवचाचे तुकडे तेलात पडू देऊ नका, त्यात जिलेटिन आणि ग्लिसरीन असतं.

ताज्या माशातून तेल काढायचं असेल तर फोल्चची १९५७ ची पद्धत अजूनही पुरते. मांस बारीक वाटून त्याच्या वीसपट आकारमानाचं क्लोरोफॉर्म-मिथेनॉल (२:१) मिश्रण घाला, ढवळा, गाळा. गाळलेल्या द्रवाच्या एक-पंचमांश इतकं ०.९ टक्के मिठाचं पाणी घाला आणि खालचा क्लोरोफॉर्मचा थर घ्या. द्रावकात सुरुवातीलाच ०.०१ टक्के बीएचटी (तेल खवट होणं रोखणारं रसायन) टाका. मात्र बीएचटीचंही पीक येतं. ते आपल्या कॉलमवर कुठे पडतं हे नुसतं बीएचटी चालवून आधीच पाहून ठेवा, नाहीतर पुढे ते एखाद्या छोट्या मेदाम्लाच्या नावावर खपतं.

जीसीकडे जाण्याआधी पेरॉक्साइड मूल्य (तेल किती खवटलं) आणि आम्ल मूल्य (सुटी मेदाम्लं किती) काढा. दोन्हींना ब्युरेट पुरतं. माशाच्या तेलासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या २०१७ च्या मानकात पेरॉक्साइड मूल्य जास्तीत जास्त ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति किलो, अ‍ॅनिसिडिन मूल्य २० आणि टोटॉक्स (दोन पेरॉक्साइड अधिक एक अ‍ॅनिसिडिन) २६ अशी मर्यादा आहे. आम्ल मूल्याची मर्यादा ३ मिलिग्रॅम पोटॅश प्रति ग्रॅम. जीसी खवटपणा दाखवत नाही. तेल खराब झालं की त्यातले जड, जुळलेले रेणू कॉलममधून बाहेरच येत नाहीत. जे बाहेर येतात त्यांची टक्केवारी मात्र शंभरच भरते, आणि कागदावर तेल ठणठणीत दिसतं.

मिथाइल एस्टर करणं

तेल आहे तसं कॉलमवर टाकता येत नाही, ट्रायग्लिसराइड फार जड असतात. त्यांतली मेदाम्लं सुटी करून मिथाइल एस्टर करायची. रस्ते तीन आहेत आणि कोणता घ्यायचा हे आम्ल मूल्य सांगतं.

शुद्ध केलेल्या, कमी आम्लाच्या तेलाला थंड पोटॅशची पद्धत चालते. १०० मिलिग्रॅम तेल २ मिलि आयसोऑक्टेनमध्ये विरघळवा, मिथेनॉलमधलं २ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड ०.१ मिलि घाला, एक मिनिट जोरात हलवा. दोन मिनिटं थांबून मिठाचं पाणी घाला आणि वरचा थर घेऊन त्यात थोडं सोडियम हायड्रोजन सल्फेट टाकून अल्कली मारा. सगळं पाच मिनिटांत होतं. पण सुट्या मेदाम्लांचा ही पद्धत एस्टर करत नाही, साबण करते, आणि तो साबण पाण्याच्या थरात निघून जातो. कच्च्या तारलीच्या तेलात सुटी मेदाम्लं भरपूर असू शकतात. तिथे ही पद्धत वापरली तर त्यांचा हिशेबच लागत नाही.

कच्चं तेल, कॅप्सूल, ओळख नसलेला नमुना, यांना बोरॉन ट्रायफ्लोराइडची पद्धत घ्या. खालची मापं माशाच्या तेलासाठीच्या एओएसी ९९१.३९ या प्रमाण पद्धतीतली आहेत.

आधी इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे नमुन्यात माहीत वजनाने घालायचा पदार्थ, ज्याच्या तुलनेत बाकीचं मोजायचं. सी२३:० चा मिथाइल एस्टर (मिथाइल ट्रायकोसॅनोएट) २५ मिलिग्रॅम वजन करून आयसोऑक्टेनमध्ये २५ मिलिपर्यंत करा, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. घट्ट झाकणाच्या टेस्टट्यूबमध्ये याचं बरोबर १ मिलि टाका आणि नायट्रोजनच्या हलक्या झोतात द्रावक उडवून लावा. इथे सांगलीचा उन्हाळा आडवा येतो. आयसोऑक्टेन दर अंशाला साधारण ०.१२ टक्के फुगतं. सकाळी २५ अंशांना केलेलं द्रावण दुपारी ३८ अंशांना पिपेटने घेतलं तर त्याच १ मिलिमध्ये स्टँडर्ड दीड टक्का कमी येतं. झाकण सैल राहिलं तर उलट दिशेने, द्रावक उडून द्रावण घट्ट होतं. द्रावण फ्रीजमध्ये ठेवा, वापरताना खोलीच्या ठरलेल्या तापमानाला येऊ द्या, आणि बाटलीचं वजन प्रत्येक वापरानंतर लिहून ठेवा. पुढच्या वेळी वजन घटलेलं दिसलं तर द्रावण टाकून द्या.

त्याच ट्यूबमध्ये २५ मिलिग्रॅम तेल घ्या, आणि वजन ०.१ मिलिग्रॅमपर्यंत लिहा. एवढंसं वजन साध्या तराजूवर डळमळतं. सेमी-मायक्रो तराजू नसेल तर २५० मिलिग्रॅम तेल आयसोऑक्टेनमध्ये १० मिलिपर्यंत करून त्यातलं १ मिलि घ्या आणि द्रावक उडवा. तोलण्यातली चूक दहापट कमी होते.

आता मिथेनॉलमधलं ०.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड १.५ मिलि घाला, नायट्रोजन सोडून झाकण लावा, १०० अंशांवर ५ मिनिटं तापवा. थंड करा. १२ ते १४ टक्के बोरॉन ट्रायफ्लोराइड-मिथेनॉल २ मिलि घाला, पुन्हा नायट्रोजन, पुन्हा झाकण, १०० अंशांवर ३० मिनिटं. ३०-४० अंशांपर्यंत निवलं की १ मिलि आयसोऑक्टेन घालून अर्धा मिनिट जोरात हलवा आणि लगेच संपृक्त मिठाचं पाणी ५ मिलि घाला. नायट्रोजन सोडून पुन्हा हलवा. थर वेगळे झाले की वरचा आयसोऑक्टेनचा थर दुसऱ्या कुपीत काढा. खाली उरलेल्यात आणखी १ मिलि आयसोऑक्टेन घालून तेच करा. दोन्ही थर एकत्र करून चिमूटभर निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवा आणि नायट्रोजनखाली १ मिलिपर्यंत आणा. इथे ४० अंशांच्या वर तापवू नका.

‘१०० अंश’ म्हणजे उकळतं पाणी नव्हे, निदान आपल्याकडे नव्हे. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. साताऱ्याला आणखी थोडं खाली, महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. सांगलीत याने फार बिघडत नाही, पण छिद्रांचा ड्राय ब्लॉक असेल तर तोच वापरा. त्याचं तापमान पाण्याच्या मर्जीवर नसतं.

झाकण सगळ्यात दगा देतं. टेफ्लॉनच्या अस्तराचं नवं झाकण लावा आणि ट्यूबवर पातळीची खूण करा. तापवून झाल्यावर पातळी खाली गेलेली दिसली तर ती ट्यूब बाद. मिथेनॉल गेलं म्हणजे क्रिया अर्धवट राहिली असणार, आणि वाफेबरोबर आणखी काय गेलं ते कळत नाही. वर सोडियम हायड्रॉक्साइडची पायरी वेळ वाचवायला गाळू नये: ट्रायग्लिसराइड आधी मोडलेले असले की बोरॉन ट्रायफ्लोराइडला अर्ध्या तासात काम संपवता येतं.

बोरॉन ट्रायफ्लोराइड जुनं झालं की स्वतःच फसवी पीकं देतं आणि असंतृप्त मेदाम्लांवरही हात टाकतं. १०० मिलिचीच बाटली मागवा, उघडल्याची तारीख टाका, फ्रीजमध्ये ठेवा आणि दर खेपेला तेलाशिवाय एक कोरी ट्यूब चालवा. हे विषारी आणि दाहक आहे, काम फ्यूम हूडमध्येच.

ते मिळत नसेल किंवा परवडत नसेल तर गंधकाम्लाचा रस्ता आहे आणि तो मुळीच दुय्यम नाही. तेलात १ मिलि टोल्यूइन घाला, कारण ट्रायग्लिसराइड नुसत्या मिथेनॉलमध्ये विरघळत नाहीत. मग मिथेनॉलमधलं १ टक्का गंधकाम्ल २ मिलि घाला, नायट्रोजन सोडून झाकण लावा आणि ५० अंशांवर रात्रभर ठेवा. सकाळी ५ टक्के मिठाचं पाणी ५ मिलि घालून हेक्झेनने दोनदा काढा, २ टक्के पोटॅशियम बायकार्बोनेटने धुवा, सुकवा. सुटी मेदाम्लं आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही यात एस्टर होतात. कॉलेजात जिथे ट्यूब संध्याकाळी लावून घरी जायचं असतं तिथे हीच पद्धत बरी.

क्रिया पूर्ण झाली का, हे टीएलसी (पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी) स्वस्तात सांगते. सिलिका प्लेट, हेक्झेन : डायइथाइल ईथर : असेटिक आम्ल ८०:२०:१, वर आयोडिनची वाफ. मिथाइल एस्टरचा ठिपका वर, त्याखाली ट्रायग्लिसराइड, त्याखाली सुटी मेदाम्लं. प्लेटवर मूळ तेलाचा ठिपका शेजारी ठेवा. ट्रायग्लिसराइडच्या जागी सावली दिसली तर ट्यूब जीसीकडे नेऊ नका. न मोडलेलं तेल इंजेक्टरच्या लायनरमध्ये साचतं आणि पुढचे सगळे नमुने बिघडवतं.

कॉलम आणि तापमान

माशाच्या तेलाला पॉलिइथिलिन ग्लायकॉलचा कॉलम, बोलीत वॅक्स कॉलम, पुरतो: ३० मीटर लांब, ०.२५ मिमी आतला व्यास, ०.२५ मायक्रॉन थर. १०० मीटरचा सायनोप्रोपिल कॉलम ट्रान्स मेदाम्लांसाठी घ्यावा, पण त्यावर दुहेरी बंध जास्त असलेली मेदाम्लं फार मागे सरकून लांब साखळीच्या संतृप्तांत मिसळतात, आणि क्रोमॅटोग्राम, म्हणजे पीकांचा आलेख, वाचणं अवघड होतं.

सुरुवातीला हे लावा: इंजेक्टर २५० अंश, स्प्लिट १:५०, इंजेक्शन १ मायक्रोलिटर, हेलियम मिनिटाला १ मिलि. ओव्हन १७० अंशांवर २ मिनिटं, मग मिनिटाला ३ अंशांनी २४० पर्यंत, तिथे १५ मिनिटं. एफआयडी २७० अंश, हायड्रोजन ३० ते ४०, हवा ३०० ते ४००, मेकअप नायट्रोजन २५ ते ३० मिलि प्रति मिनिट. २५ मिलिग्रॅम तेल १ मिलिमध्ये असेल तर कॉलमवर एकूण अर्धा मायक्रोग्रॅम जातं. सी१६:० चं पीक पुढच्या बाजूला उतरतं झालं तर माल जास्त होतोय, द्रावण पातळ करा. आपल्या कॉलमवर लिहिलेली कमाल मर्यादा मात्र आधी पाहा. वॅक्सला २५० च्या वरची उष्णता सोसत नाही.

वॅक्सला ऑक्सिजनही सोसत नाही. वाहक वायू ९९.९९९ टक्के शुद्ध असावा आणि वाटेत ऑक्सिजन व आर्द्रता पकडणारे ट्रॅप असावेत. वेल्डिंगच्या दुकानातलं नायट्रोजन एस्टर सुकवायला फार तर गाळून वापरता येईल, कॉलमला नाही. हेलियम महाग आहे म्हणून हायड्रोजनवर चालवणारे बरेच आहेत. वेळ वाचतो, पीकही छान येतात, पण गळती पकडणारा सेन्सर ओव्हनजवळ हवाच.

वीज गेली की काय होतं? इलेक्ट्रॉनिक दाबनियंत्रक झडप बंद करतो, कॉलममधला प्रवाह थांबतो आणि ओव्हन २४० अंशांवर तापलेलाच असतो. असं महिन्यातून चार वेळा झालं की बेसलाइन वर चढू लागते. पूर्ण ओव्हन पेलणारी यूपीएस शक्य नसेल तर निदान नियंत्रण, पंखा आणि संगणक अर्धा तास चालतील अशी व्यवस्था करा. वीज परत आल्यावर ओव्हन तापवण्याआधी वाहक वायू पंधरा मिनिटं वाहू द्या.

पीक ओळखणं

वॅक्स कॉलमवर आधी साखळीची लांबी, मग दुहेरी बंधांची संख्या असा क्रम लागतो: सी१४:०, सी१६:०, सी१६:१, मग सी१६ ची बहुअसंतृप्त मंडळी, सी१८:०, सी१८:१ ची जोडी (एन-९ आणि त्याच्या मागे एन-७; ‘एन’चा आकडा साखळीच्या शेपटाकडून पहिला दुहेरी बंध कितव्या कार्बनवर ते सांगतो), सी१८:२, सी१८:३, सी१८:४, सी२०:१, सी२०:४, ईपीए म्हणजे सी२०:५ एन-३, मागे सी२२:१, मग आपलं सी२३:०, डीपीए म्हणजे सी२२:५ एन-३ आणि शेवटी डीएचए, सी२२:६ एन-३. डीएचएच्या अगदी मागे सी२४:० आणि सी२४:१ असतात. ती पीकं चिकटली तर शेवटचा चढ मिनिटाला ३ ऐवजी १.५ अंश करा.

बाजारात मिळणारं ३७ मिथाइल एस्टरांचं मिश्रण सगळ्यांकडे असतं, पण त्यात डीपीए नाही, सी१८:४ एन-३ नाही आणि सी१८:१ एन-७ ही नाही. माशाच्या तेलात तिन्ही असतात. म्हणून मेनहेडन तेलापासून केलेलं बहुअसंतृप्त मिश्रण एकदा तरी चालवा आणि तो क्रोमॅटोग्राम समोर भिंतीवर लावा. रोजच्या तपासणीला कॉड लिव्हर तेलाची एक बाटली राखीव ठेवून प्रत्येक खेपेत तिचाच एक नमुना घाला. तिचा ईपीए सरकला तर त्या दिवशीचा कुठलाच आकडा बाहेर देऊ नका.

सी२३:० च्या जागी नमुन्याचं स्वतःचं काही येत नाही ना, हे नव्या प्रकारच्या तेलात प्रत्येक वेळी पाहावं लागतं. इंटर्नल स्टँडर्ड न घालता एक ट्यूब करा. त्या जागी बेसलाइन सपाट असेल तर ठीक. तिथे छोटं पीक असेल तर स्टँडर्डचं क्षेत्रफळ फुगतं आणि तेलातली सगळी मेदाम्लं कमी दिसतात.

हिशेब

एफआयडी कार्बन मोजतो, आणि कार्बोनिल कार्बन त्याला दिसत नाही. त्यामुळे सारख्या वजनाला सगळे एस्टर सारखं क्षेत्रफळ देत नाहीत. सी२३:० ला १ धरलं तर सिद्धांताने ईपीएचा गुणक ०.९९ आणि डीएचएचा ०.९७ येतो. मिथाइल एस्टरपासून मेदाम्लाकडे येण्यासाठी १.०४ ने भागायचं.

समजा तेल २५.४ मिलिग्रॅम, सी२३:० १.०० मिलिग्रॅम, ईपीएचं क्षेत्रफळ ४,१२,००० आणि सी२३:० चं ९८,०००. ईपीए मिथाइल एस्टर = (४,१२,००० ÷ ९८,०००) × ०.९९ × १.०० = ४.१६ मिलिग्रॅम. भागिले १.०४ = ४.०० मिलिग्रॅम ईपीए. भागिले ०.०२५४ ग्रॅम = १५८ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम तेल.

त्याच क्रोमॅटोग्रामवर ईपीएचं क्षेत्रफळ १८ टक्क्यांच्या आसपास दिसेल. १८ टक्के म्हणजे ग्रॅममागे १८० मिलिग्रॅम असं मानून अहवाल देणारे थोडे नाहीत. तेलात ग्लिसरॉलचा वाटा असतो, साबण न होणारे पदार्थ असतात, जुळून जड झालेले रेणू असतात. यांतलं काहीच क्षेत्रफळात येत नाही. टक्केवारी हे मेदाम्लांचं आपापसातलं प्रमाण आहे, तेलातली मात्रा नव्हे. त्यातही बारीक पीकं मोजणीतून वगळली की उरलेल्यांचे टक्के आपोआप वाढतात, म्हणून किती टक्क्यांपर्यंतची पीकं मोजली हे अहवालात लिहा.

इंटर्नल स्टँडर्डवरून सगळ्या मेदाम्लांची मिलिग्रॅममधली बेरीज काढण्याची सवय लावा. शुद्ध ट्रायग्लिसराइड तेलाची बेरीज ग्रॅममागे ९०० ते ९५० मिलिग्रॅमच्या घरात यायला हवी. ८०० आली तर एस्टर अर्धवट झाले आहेत, तेल खराब आहे, किंवा स्टँडर्डचं द्रावण घट्ट झालं आहे. १००० च्या वर गेली तर स्टँडर्ड कमी पडलं आहे, बहुधा पिपेट करताना किंवा सुकवताना. ही बेरीज खोटं बोलत नाही, आणि छापील अहवालात ती क्वचितच असते.

सिद्धांताचे गुणक आपल्या मशीनवर लागू पडतात का तेही पाहा. नव्याने फोडलेल्या ॲम्प्यूलमधला डीएचए मिथाइल एस्टर आणि सी२३:० सारख्या वजनाने मिसळून चालवा. डीएचएचं क्षेत्रफळ किंचित मोठं यायला हवं, म्हणजे गुणक ०.९७ च्या जवळ. तो १.१० आला तर इंजेक्टरमध्ये डीएचए जळतो आहे किंवा जड एस्टर सुईतच मागे राहताहेत. लायनर बदला, काचलोकर नवी आणि निष्क्रिय केलेली घ्या, इंजेक्शन झटक्यात द्या. गुणक बदलून आकडा जुळवणं म्हणजे ताप असताना थर्मामीटर झटकणं.

कॅप्सूलच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. तीव्र केलेल्या बऱ्याच तेलांत मेदाम्लं इथाइल एस्टरच्या रूपात असतात. क्रिया अर्धवट राहिली तर प्रत्येक पीकाच्या मागे एक जुळं पीक दिसतं: पुढचं मिथाइल, मागचं इथाइल. तसं दिसलं की ट्यूब पुन्हा करा. शिवाय लेबलवरचा आकडा कोणत्या रूपातला, हेही विचारून घ्या. १८० मिलिग्रॅम ईपीए मेदाम्ल म्हणजे १९७ मिलिग्रॅम ईपीए इथाइल एस्टर. नऊ टक्क्यांचा हा फरक धरला नाही तर चांगली कॅप्सूल नापास होते किंवा कमअस्सल पास.

आकड्यांवरून तेल ओळखणं

तारली, पेडवे यांसारख्या माशांच्या तेलात सी१४:० आणि सी१६:१ ठळक असतात, ईपीए डीएचएपेक्षा जास्त असतं, आणि सी१६:४ एन-१ चं छोटं पण नेमकं पीक असतं, कारण हे मासे डायटमसारख्या वनस्पती-प्लवकांवर पोसतात. ट्यूनाच्या तेलात उलट, डीएचए ईपीएच्या कितीतरी पुढे. सी२०:१ आणि सी२२:१ एन-११ ही दोन्ही पीकं मोठी असतील तर तेल उत्तर अटलांटिककडच्या माशांचं आहे. ती मेदाम्लं तिथल्या कॅलॅनस या प्लवकाकडून येतात. ‘रत्नागिरीची तारली’ म्हणून आलेल्या तेलात ती दिसली तर पुरवठादाराला विचारायला जागा आहे.

भेसळीचा पहिला संशय सी१८:२ एन-६ वर. सागरी तारलीच्या तेलात ते सहसा एक-तीन टक्के असतं. सोयाबीन तेलात ते पन्नास टक्क्यांच्या वर असतं, त्यामुळे दहा टक्के सोयाबीन मिसळलं तरी पाच टक्क्यांची भर पडते. शेंगतेल मिसळलं असेल तर सी१८:१ आणि सी१८:२ बरोबर सी२०:०, सी२२:० आणि सी२४:० ही संतृप्त त्रयीही वर येते. ती पीकं नेमकी कुठे पडतात हे पाहायला गावातल्या घाण्याचं खात्रीचं शेंगतेल एकदा चालवून ठेवा, त्यासाठी वेगळं स्टँडर्ड विकत घ्यायला नको.

मात्र शिवसागर जलाशयातले, कृष्णेतले किंवा शेततळ्यातले रोहू, कटला यांचं तेल असेल तर हा नियम लावू नका. गोड्या पाण्यातल्या माशांत सी१८:२ आणि अ‍ॅराकिडॉनिक आम्ल मुळातच जास्त असतं, पेंड खाऊन वाढलेल्यांत तर आणखी, आणि ईपीए-डीएचए कमी. हे मासे खरेच असतात, समुद्रातले नसतात एवढंच.

द्राक्षबागेसाठीचा फिश ऑइल रोझिन साबण तपासायचा असेल तर वरची पद्धत जशीच्या तशी चालत नाही. तिथे मेदाम्लं आधीच साबणात आहेत. साबण पाण्यात विरघळवा, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू २ पर्यंत आणा, सुटलेली मेदाम्लं हेक्झेनमध्ये घ्या आणि सोडियम हायड्रॉक्साइडची पायरी सोडून थेट बोरॉन ट्रायफ्लोराइड किंवा गंधकाम्लाकडे जा. राळेतली आम्लंही बरोबर येतात, त्यांची पीकं मेदाम्लांच्या यादीत धरू नका.

कोऱ्या ट्यूबमध्ये पीक आलं तर

सी१६:० आणि सी१८:० ची बारीक पीकं असतील तर बोटांचा तेलकटपणा किंवा नीट न धुतलेल्या काचेवरचा साबण. ट्यूब शेवटी हेक्झेनने विसळा आणि हातमोजे घाला. रुंद, अनोळखी पीकं थॅलेटची असतात, ती प्लास्टिकच्या टिप आणि पॅराफिल्ममधून येतात. आयसोऑक्टेन प्लास्टिकला लागूच देऊ नका. प्रत्येक रनमध्ये त्याच जागी भूत-पीक येत असेल तर सेप्टम झिजलं आहे, शंभरेक इंजेक्शननंतर ते बदलावंच. सगळी पीकं शेपटी टाकू लागली तर कॉलमचं इंजेक्टरकडचं टोक अर्धा मीटर कापा, फेरूल नवी लावा. आणि आम्लाचा अंश कॉलमवर गेला तर काहीच उपाय नसतो: वरचा थर काढताना पिपेट सीमारेषेच्या बरीच वर ठेवा, शेवटचे ०.२ मिलि सोडून दिले तरी चालेल, इंटर्नल स्टँडर्ड तो हिशेब सांभाळतो.

बोरॉन ट्रायफ्लोराइडचा खालचा थर मोरीत ओतू नका. पाण्याशी संपर्क आला की त्यातून फ्लोराइडयुक्त आम्लं होतात आणि ती काचही खातात. प्लास्टिकच्या बादलीत चुनखडीची भुकटी पाण्यात कालवून ठेवा, थर त्यात हळूहळू सोडा, फसफसणं थांबू द्या आणि मग रासायनिक कचऱ्याच्या कॅनमध्ये भरा.